फशोदा येथे लढाई झाली नव्हती

आफ्रिकेच्या वाटणीत इंग्रज व फ्रेंच सैन्यांची लढाई १८९८ मध्ये नाईलकाठच्या फशोदा येथे झाली, हा समज चुकीचा आहे. तेथे इंग्रज सेनापती किचनेर आणि फ्रेंच अधिकारी मार्शां समोरासमोर आले, परंतु एकही गोळी न झाडता फ्रेंचांनी माघार घेतली. रक्त सांडले होते ते त्याआधीच, २३ डिसेंबर १८९३ च्या पहाटे, सिएरा लिओनच्या सरहद्दीवरील वायमा येथे. पश्चिम आफ्रिकेतील राज्यकर्ता सामोरी तुरे याच्या ‘सोफा’ म्हटल्या जाणाऱ्या सैनिकांवर चालून निघालेल्या लेफ्टनंट मारित्झ यांच्या फ्रेंच तुकडीने इंग्रजांची छावणी सोफांचीच समजून तीवर हल्ला केला. त्यात तीन इंग्रज अधिकारी व स्वतः मारित्झ मारले गेले. दोन्हीकडचे आफ्रिकी शिपाईही पडले, ज्यांची आठवण, खेदाची गोष्ट, क्वचितच काढली जाते. भरपाईचा वाद लवादाकडे गेला आणि १९०२ मध्ये बेल्जियमच्या बॅरन लाम्बेर्मों यांनी फ्रान्सने ९,००० पौंड द्यावेत, असा निवाडा दिला.