ताराराणींचा पुतळा: घोडा, पदर आणि कागद

1700 ते 1707 या सात वर्षांतला ताराराणींचा वकूब मोगल इतिहासकार खाफीखानाने मान्य केला होता. दिवाणी आणि लष्करी कामातली त्यांची जाण राजारामांच्या हयातीतच नावाजलेली होती, असं तो लिहितो. शत्रूपक्षाचा लेखक एवढं बोलतो, पण आपल्याकडच्या कलेत त्यांचं रूप ठसायला विसावं शतक उजाडलं. कोल्हापुरात जन्मून मुंबईच्या कलाशाळेत नाव काढलेल्या एका चित्रकाराने 1927 च्या सुमारास त्यांना रंगवलं, तेही घोड्यावर, ऐन लढाईत. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरच्या पुतळ्यातही घोडा आणि तलवार आहेच.

घोड्याचा हा निर्णय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. कागदाला आणि शिक्क्याला हात उरत नाही. त्यांचं राज्य चाललं ते मुख्यतः सरदारांच्या नेमणुका, वतनांच्या सनदा, किल्ल्यांची रसद आणि मोगली मुलखातल्या स्वाऱ्यांचं नियोजन यांवर. बैठी, हुकूम सोडणारी ताराबाई इतिहासाला जास्त धरून होईल. पण चौकातला पुतळा चारी रस्त्यांवरून ओळखू यावा लागतो आणि वर्गणी घोड्यालाच जमते, हेही खरं.

नऊवारीवरही वाद होतात. कासोटा घोड्यावर मांड टाकता येईल असा हवा. तमाशाच्या फडातली घट्ट चोपून नेसलेली नऊवारी मॉडेलला नेसवली की सगळं बिघडतं. पदर डोक्यावर ठेवला तर वेगाशी जुळत नाही, उडवला तर ओतकामात अडचण. पुतळा आधी मेणात उतरवतात आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओततात; हा मेणाचा थर साधारण 5-6 मिमी ठेवतात. पदराच्या कडेला तो पातळ पडला की धातू पोचण्याआधीच गोठतो आणि कड तुटकी येते. उलट मांडीपाशी थर जाड राहिला की थंड होताना तिथे खड्डा बसतो. ओतण्याचा मिश्रधातू बहुधा 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के.

दोन पायांवरच्या घोड्याचा सगळा भार मागच्या पायांतल्या सळ्यांवर येतो. तिथे साधं लोखंड घातलं तर गंजून फुगतं आणि ब्राँझ फोडतं; म्हणून स्टेनलेस सळ्या चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल नेतात. पोटाखाली पाणी निघायला भोक ठेवावंच लागतं, नाहीतर कोल्हापूरचा पाऊस आत साठतो.

वेश, शस्त्र, पदर यांचा वाद मिटवायचा तो शाडूच्या प्रतिकृतीवरच. तिला सरकारी मान्यता मिळून साचा पडला की पुढे बदल म्हणजे कापाकापी.

1760 ते 1773 करवीरचा, म्हणजे कोल्हापूर राज्याचा, कारभार हाकणाऱ्या जिजाबाईंचा (शिवरायांच्या आई नव्हेत, दुसऱ्या संभाजींच्या राणी) प्रश्न याहून अवघड. त्यांच्या वाट्याला दत्तकाचा पेच आणि पेशव्यांशी वाटाघाटी आल्या. त्यांचा पुतळा करायचा तर बैठाच करावा लागेल.