श्वासाच्या वाटेत दुर्बीण

जठराची दुर्बिणीतून तपासणी होते तेव्हा अन्नाची वाट अडते; श्वासाची मोकळीच राहते. ब्रॉन्कोस्कोपीत दुर्बीण थेट श्वासनलिकेत उतरते. पडद्यावरचं चित्र कितीही मोहात पाडो, श्वसनोपचार शिकणाऱ्याने आधी विचारावं: आता हवेला जागा किती उरली?

जाग्या रुग्णाच्या रुंद श्वासनलिकेत बारीक दुर्बीण सहसा खपून जाते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं तसं नाही. त्याच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा आतला व्यास 8 मिलिमीटर आणि दुर्बीण 6 मिलिमीटरची असेल, तर निम्म्याहून अधिक जागा दुर्बीणच व्यापते. 7 मिलिमीटरच्या नळीत जवळजवळ तीन चतुर्थांश! उरलेल्या फटीतून हवा आत ढकलता येते, पण उच्छ्वास पुरता बाहेर पडत नाही. फुप्फुसात हवा साचते, दाब चढतो. त्यात सक्शन, म्हणजे स्राव ओढून काढणारं यंत्र, लावलं की स्रावाबरोबर ऑक्सिजनही ओढला जातो. म्हणून आधी शंभर टक्के ऑक्सिजन, सक्शन थोडं थोडं, आणि ऑक्सिजनची पातळी घसरू लागली तर दुर्बीण बाहेर. हे सांगायला विद्यार्थ्याने कचरू नये.

1897 मध्ये जर्मनीत गुस्टाफ किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेलं हाड सरळ, ताठ नळीतून काढलं. लवचीक दुर्बीण जपानच्या शिगेतो इकेदा यांनी 1960च्या दशकात आणली. तरी ताठ नळी अडगळीत गेली नाही, आणि ते योग्यच आहे: तिच्या पोकळीतूनच श्वास देता येतो, त्यामुळे मोठ्या रक्तस्रावात ती अजूनही हाताशी लागते.

श्वासनलिका जिथे दुभंगते तो कॅरिना दिसला की दिशा कळते. उजवी शाखा रुंद, आखूड आणि अधिक सरळ. म्हणून फार खोल गेलेली व्हेंटिलेटरची नळी बहुधा उजवीकडे शिरते आणि डाव्या छातीत श्वासाचा आवाज मंदावतो. नळी श्वासमार्गात आहे की अन्ननलिकेत, हे ठरवायला मात्र नुसत्या स्टेथोस्कोपवर विसंबू नये. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहावा.

तपासणी संपली तरी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने घसा बधिरच असतो. गिळण्याची आणि खोकल्याची संवेदना परत येईपर्यंत रुग्णाने कितीही मागितलं तरी पाण्याचा घोटही देऊ नये. तो फुप्फुसात उतरू शकतो.