सागरी निरोप (हवाई)

हवाई बेटांवर लोकप्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर समुद्रकिनाऱ्यावर आणि प्रत्यक्ष समुद्रात होणारा स्मरणसोहळा. गायक, वादक, सर्फपटू आणि होडीवाले यांच्या वाट्याला तो विशेषकरून येतो. ‘पॅडल-आउट’ हे त्याचे आज जगभर रूढ झालेले नाव; हाताने किंवा वल्ह्याने पाणी मारत आत जाणे, एवढाच त्याचा अर्थ. किनाऱ्यावर जमलेले लोक उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकडी आधार जोडलेल्या, होड्यांतून आणि सर्फबोर्डांवरून फुटत्या लाटा ओलांडून आत जातात, तिथे कडे करतात, दिवंगताची रक्षा आणि फुले पाण्यात सोडतात आणि परत येऊन वाळूवर खातात, गातात. शोकाचा काळा पोशाख इथे सहसा दिसत नाही. पुरुष फुलाफुलांचे आलोहा शर्ट घालतात, बायका सैल, लांब मूमू, आणि सगळ्यांच्या गळ्यात लेई, म्हणजे फुलांची किंवा पानांची माळ.

पर्यटकांना हा विधी ‘प्राचीन परंपरा’ म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. जुन्या हवाईयन समाजात हाडांना, म्हणजे ‘इवी’ला, फार मान होता. माणसाची ‘माना’, त्याच्यातली दैवी शक्ती, हाडांत उरते अशी समजूत असल्याने मृताच्या अस्थी गुहेत किंवा किनाऱ्यालगतच्या वाळूत पुरत. मोठ्या सरदाराच्या अस्थी कुठे ठेवल्या हे एखाद्या विश्वासू माणसालाच ठाऊक असे आणि तो ते गुपित स्वतःबरोबर घेऊन जाई. हाडे जाळणे ही विटंबना मानली जाई. तेव्हा दहन करून रक्षा समुद्रात सोडणे ही रीत जुनी असूच शकत नाही. ती विसाव्या शतकातली. जुने आहे ते तिच्या भोवतीचे: मृतासाठी रचलेली ‘कानिकाऊ’ ही विलापगीते, ‘ओली’ म्हणजे वाद्याविना म्हटलेले पठण, ‘पू’ म्हणजे शंख, ‘की’ या झुडपाची लांब चकचकीत पाने आणि ‘वआ’ ही उलांडीची होडी. नव्या विधीने जुन्या घरातली भांडी वापरायला काढावीत, तसे हे झाले आहे.

विधीचे मूळ बहुधा राजधानी होनोलुलूतल्या वायकीकीच्या किनाऱ्यावरच्या ‘बीच बॉय’ मंडळींत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही माणसे पाहुण्यांना सर्फिंग शिकवत, होडीतून लाटांवर फिरवून आणत आणि संध्याकाळी त्याच वाळूवर बसून युकुलेली, म्हणजे गिटारसारखे छोटे तंतुवाद्य, वाजवत. दिवसा पाण्यातला माणूस आणि रात्री करमणूक करणारा कलावंत हे दोघे एकच असत. त्यांच्यातला एखादा गेला की बाकीचे त्याला होडीतून त्याच्या आवडत्या लाटेपलीकडे नेऊन सोडत. गायकाला सर्फपटूसारखा निरोप का मिळतो, याचे उत्तर इथे आहे.

सोहळ्याचा क्रम सगळीकडे थोडाफार सारखा असला तरी कुठे लिहून ठेवलेला नाही. सकाळी वारा पडलेला असताना लोक जमतात. ‘काहू’, म्हणजे धर्मगुरू किंवा कुटुंबातले जाणते माणूस, ‘पुले’ ही प्रार्थना म्हणतो; ती ख्रिस्ती असते, हवाईयन असते, बहुतेकदा दोन्ही. शंख वाजतो. रक्षा पुढच्या होडीत कुटुंबाजवळ असते, कधी कीच्या पानांत बांधलेल्या पुडीत. मागे सर्फबोर्डांवर पालथे झोपून हातांनी पाणी कापणारी माणसे. माळ भिजून तुटू नये म्हणून कुणी ती दातांत धरलेली असते, त्यामुळे सगळा ताफा गप्प असतो. फुटत्या लाटांपलीकडे पाणी संथ झाले की बोर्डांवर उठून बसायचे, शेजाऱ्याचा हात धरायचा आणि कडे पुरे करायचे. लहानसहान उसळीने कडे फाकते, हात सुटतात, पुन्हा धरले जातात. कुणी दोन शब्द बोलतो, कुणी गाणे उचलतो. रक्षा वाऱ्याच्या पाठच्या बाजूने, पाण्यालगत हात नेऊन सोडावी लागते; अनुभवी होडीवाला हे घरच्यांना आधी सांगून ठेवतो. रक्षा पाण्यात गेली की माळा मध्यभागी टाकतात, आणि मग शांतता एकदम मोडते. शेकडो हात पाण्यावर थपडा मारतात, तुषार उडतात, आरोळ्या उठतात. नवख्या पाहुण्याला हा जल्लोष खटकतो, पण त्या आवाजावाचून विधी पुरा झाला असे तिथल्या माणसाला वाटत नाही.

माळा टाकण्यापूर्वी त्यातला दोरा काढून घ्यावा आणि सुट्टी फुलेच पाण्यात सोडावीत, असे आता आवर्जून सांगितले जाते. दोरा कासवांच्या आणि दुर्मीळ मंक सीलच्या गळ्यात अडकतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार रक्षा किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैल आत सोडायची असते आणि तसे 30 दिवसांत पर्यावरण संस्थेला कळवायचे असते. सर्फबोर्डावरून तितके आत कुणी जात नाही, हे सांगायला नको.

मराठी वाचकाला इथे अस्थिविसर्जन आठवेल. साम्य पाण्यापुरते आहे. आपल्याकडे विसर्जन घरच्या चार माणसांचे आणि गुरुजींच्या मंत्रांचे. तिथे पाण्यात उतरलेला प्रत्येक जण विधी करणारा असतो.

या सोहळ्याला सार्वजनिक रूप दिले ते ड्यूक कहानामोकू यांच्या निरोपाने. 1912 आणि 1920 च्या ऑलिंपिकमध्ये 100 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारे, सर्फिंग जगभर नेणारे, हॉलिवूडच्या चित्रपटांत झळकलेले आणि पुढे होनोलुलूचे शेरीफ झालेले ड्यूक 22 जानेवारी 1968 रोजी वारले. त्यांची रक्षा वायकीकीसमोरच्या समुद्रात नेली गेली. होड्या त्यांच्या जुन्या बीच बॉय सोबत्यांनी वल्हवल्या. गाणे होते ‘आलोहा ओए’. राणी लिलिउओकलानी यांनी 1878 च्या सुमारास ते रचले तेव्हा ते दोन प्रेमी जिवांच्या ताटातुटीचे गीत होते. 1893 मध्ये राणीची सत्ता उलथवली गेली, 1898 मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, आणि त्या गाण्याला आपोआप मोठ्या निरोपाचा अर्थ चिकटला.

गायकांपैकी सर्वांत गाजलेला निरोप इझरायल कामाकाविवोओले यांचा. लोक त्यांना ‘इझ’ म्हणत. जन्म 20 मे 1959, हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य होण्याच्या तीन महिने आधी. लहानपणीच कुटुंब ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर माकाहा इथे राहायला गेले. हा भाग गरीब, मूळ हवाईयन वस्तीचा आणि पर्यटकांना फारसा ठाऊक नसलेला. 1976 मध्ये थोरला भाऊ स्किपी आणि मित्र यांच्यासह त्यांनी ‘माकाहा सन्स ऑफ नीइहाऊ’ हा गायकसंच काढला. 1982 मध्ये स्किपी हृदयविकाराने गेला. इझ यांचे वजन एकेकाळी 340 किलोंच्या वर गेले होते. हातातली युकुलेली त्यांच्यापुढे खेळण्यासारखी दिसे, आणि आवाज मात्र कोवळा, जवळजवळ कुजबुजता. 1988 मध्ये एका मध्यरात्रीनंतर स्टुडिओत येऊन त्यांनी इंद्रधनुष्यावरचे जुने अमेरिकन गीत एका दमात ध्वनिमुद्रित केले. 1993 च्या संग्रहात ते आले आणि पुढे जगभर गेले. हवाईत मात्र त्यांना अधिक मान होता तो दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांमुळे: जुने राजे-राण्या परत आले आणि त्यांनी आपल्या पवित्र जमिनीवर महामार्ग आणि सिग्नल पाहिले तर त्यांना काय वाटेल, असे विचारणाऱ्या.

26 जून 1997 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी ते गेले. 10 जुलैला राज्याचा ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आला आणि कोआ लाकडाची शवपेटी होनोलुलूच्या विधिमंडळ इमारतीत दर्शनासाठी ठेवली गेली. असा मान मिळालेले ते तिसरे. आधीचे दोघे राज्यपाल जॉन बर्न्स आणि सिनेटर स्पार्क मात्सुनागा, म्हणजे दोन्ही राजकारणी. सुमारे 10,000 लोक दर्शनाला आले. 12 जुलैला माकुआ किनाऱ्यावर हजारो लोक जमले. रक्षा घेऊन होडी निघाली तेव्हा रस्त्यावरच्या मोटारी आणि ट्रक यांचे भोंगे वाजू लागले आणि तो आवाज मागच्या डोंगरांवरून घुमून परत आला. पाण्यात होड्या, बोर्ड, तराफे, आणि ज्यांच्याकडे यातले काही नव्हते ते पोहत. रक्षा सोडली जाताच उडालेले पाणी आणि उंचावलेले हात त्यांच्या त्या इंद्रधनुष्याच्या गाण्याच्या चित्रफितीत आले. हवाईबाहेरच्या असंख्य लोकांनी सागरी निरोप पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

या सोहळ्यांत जागेची निवड ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. माकुआ हा सोयीचा किनारा नाही. थोडे पुढे गेले की डांबरी रस्ताच संपतो. त्यापुढच्या काएना टोकाला आत्म्यांची उडी मारण्याची जागा मानतात. ओआहूवरचे मृतात्मे तिथून पूर्वजांकडे जातात अशी श्रद्धा. ‘माकुआ’ या शब्दाचा अर्थच आई-वडील. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला माकुआ खोरे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी लष्कराने ते ताब्यात घेतले, तिथल्या कुटुंबांना बाहेर काढले आणि युद्ध संपल्यावरही खोरे परत केले नाही. बॉम्ब आणि तोफगोळ्यांचा सराव तिथे पुढे कित्येक दशके चालू राहिला. किनाऱ्यावर तंबू-झोपड्या टाकून राहणाऱ्या कुटुंबांना 1996 मध्ये, इझ यांच्या निरोपाच्या वर्षभर आधी, सरकारने हुसकले होते. जमीन गेल्याचे दुःख गाणाऱ्या गायकाची रक्षा इथे सोडणे ही केवळ माकाहा जवळ असण्याची गोष्ट नव्हती.

डॉन हो यांचा निरोप याच्या अगदी उलट जागी झाला आणि तोही तितकाच योग्य होता. 13 ऑगस्ट 1930 ला होनोलुलूत जन्मलेले हो यांच्यात हवाईयन, चिनी, पोर्तुगीज, डच आणि जर्मन रक्त होते. बेटांवरच्या सरमिसळीचा तो चालताबोलता नमुनाच. अमेरिकेच्या वायुदलात वैमानिक म्हणून काम केल्यावर आई आजारी पडली म्हणून ते परतले आणि कानेओहे गावातला तिचा ‘हनीज’ हा बार सांभाळू लागले. गिऱ्हाइकी वाढावी म्हणून गाणे सुरू झाले. 1960 च्या दशकात त्यांचे बस्तान वायकीकीत बसले. ते ज्या नाइटक्लबात गाजले त्याला नावही ड्यूक कहानामोकू यांचेच होते. पुढची चार दशके पर्यटकांच्या लेखी हवाईचा चेहरा म्हणजे काळा चष्मा लावून, हातात ग्लास घेऊन, खुर्चीत रेलून गाणारे हो. मदिरेतल्या बुडबुड्यांवरचे त्यांचे 1966 चे गाणे इतके मागितले जाई की कार्यक्रमाच्या आरंभीही ते म्हणत आणि अखेरीसही, वर त्या गाण्याचा वैताग आल्याचे नाटक करून. हे हवाई पर्यटकांसाठी सजवलेले होते, अशी टीका होत आली आहे. ती चुकीची नाही. पण प्रेक्षकांतल्या आजीबाईंना मंचावर बोलावून त्यांचे मुके घेणाऱ्या या माणसाने अनेक नव्या स्थानिक कलावंतांना त्याच मंचावर उभे केले, हेही खरे.

14 एप्रिल 2007 रोजी हृदयविकाराने ते गेले; शेवटचा कार्यक्रम त्याच्या दोनच दिवस आधी वायकीकीच्या एका हॉटेलात झाला होता. 5 मे रोजी, शनिवारी, वायकीकीच्या वाळूवर हजारो लोक जमले. कुटुंब, जुने वादक आणि शहरातले लोक होतेच, शिवाय सुट्टीवर आलेले पाहुणेही. आयुष्यभर ज्यांच्यासाठी गायले ते श्रोते निरोपालाही असणे स्वाभाविक होते. उंच हॉटेलांच्या रांगेसमोरून होड्यांचा ताफा निघाला आणि रक्षा त्याच समुद्रात सोडण्यात आली. इथे भोंग्यांचा निषेधवजा गजर नव्हता. गाणी होती, गोंगाट होता आणि बराचसा हशा.

हवाईबाहेर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या सर्फपटूंनी हा विधी उचलला. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय अमेरिकनाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर असेच कडे करून त्यांचे नाव घेतले गेले.

सागरी निरोपाला समाधी नसते, त्यामुळे आठवणीसाठी दुसरे काहीतरी उभारावे लागते. इझ यांचा ब्राँझचा अर्धपुतळा 2003 मध्ये माकाहाजवळच्या वायआनाए इथल्या समाजकेंद्रात बसवला गेला. ड्यूक यांचा पूर्णाकृती पुतळा त्यांच्या जन्मशताब्दीला, 1990 मध्ये, वायकीकीत उभा राहिला. त्यांच्या पसरलेल्या हातांवर रोज ताज्या माळा असतात. पुतळ्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे आहे. समुद्राकडे पाठ फिरवू नये हे पोराटोरांना पहिल्या दिवशी शिकवणारे जुने सर्फपटू त्यावरून अजून कुरकुरतात.