कोकण किनाऱ्यावरील वाटशोध : कागदी नकाशा आणि मोबाइल

कोकणात दोन गावांमधले अंतर खाडी ठरवते. दाभोळ आणि धोपावे वाशिष्ठीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत. फेरीबोट मिळाली तर काही मिनिटांत पलीकडे, नाहीतर चिपळूणमार्गे लांबचा वळसा. जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला इथेही तीच गत. मोबाइलवरचा नकाशा ही बोट तुटक रेषेने दाखवतो, पण शेवटची बोट सुटली की नाही हे जेट्टीवरच विचारावे.

कागदी नकाशांत भारतीय सर्वेक्षण विभागाची (स्थापना १७६७) १:५०,००० प्रमाणाची पत्रके सर्वांत उपयोगी. बहुतेक कोकण किनारा ४७ क्रमांकाच्या मालिकेत येतो, वेंगुर्ल्याकडचा भाग ४८ मध्ये. त्यांवर दर २० मीटर उंचीला समोच्च रेषा असते. रेषा विरळ तिथे सडा (जांभ्याचे सपाट पठार), एकदम दाटल्या तिथे बंदराकडचा उतार. पायी फिरणाऱ्याला एवढे पुरते. पण किनारपट्टीची हीच पत्रके संरक्षणाच्या कारणावरून वर्षानुवर्षे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने वाट थोडी मोकळी केली, २०२१ च्या नियमांनी बरीच. तोवर मोबाइल हातात आलेला होता.

जीपीएसमधली हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढली आणि सामान्य ग्राहकालाही स्वतःची जागा नेमकी कळू लागली. उपग्रहाचा संदेश घ्यायला इंटरनेट लागत नाही, नकाशा उतरवायला लागते. म्हणून घाटात रेंज गेली की निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर चालत राहतो. निघण्यापूर्वी जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवावा. दरड कोसळून घाट बंद झाल्याची खबर मात्र मोबाइलवरच मिळू शकते. त्याची खरी खोड वेगळी: चार मिनिटे वाचवायला तो गाडी वाडीच्या पाणंदीत घालतो, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि पुढे कुणाचे तरी अंगण.

भरती-ओहोटीबाबत दोन्ही नकाशे मुके. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली. तिथे किनाऱ्यावरचा जुना हिशोब कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास.