आधी आच, मग धूर : पेलेटसाठी लाकूड निवडताना

लाकडाचा भुसा वाळवून, बारीक दळून पोलादी साच्याच्या सहा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने पुढे रेटला की जी चकचकीत कांडी तयार होते, तिला पेलेट म्हणतात. त्यात गोंद मिसळावा लागत नाही. साच्यातील घर्षणामुळे भुसा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, लाकडातील लिग्निन हा घटक मऊ पडतो आणि कांडी थंड होताना तोच लाकडाच्या कणांना घट्ट धरून ठेवतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते, उन्हात नीट वाळलेल्या सरपणात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येते आणि चांगल्या पेलेटमध्ये दहा टक्क्यांहूनही कमी असते. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर चूल पेटवलेल्या कुणालाही या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. जळणाची पहिली आच पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि तोवर निघणारा धूर डोळे चुरचुरवणारा, कडवट व अर्धवट जळलेल्या डांबराने भरलेला असतो.

पेलेटवर चालणारी, पदार्थ भाजून त्यांना धुराची चव देणारी ग्रिल अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात तयार केली आणि १९८६ साली तिचे पेटंट मिळवले. हॉपरमध्ये, म्हणजे जळणाच्या पेटीत, भरलेले पेलेट एक मळसूत्री दांडा हळूहळू पुढे ढकलतो, ते एका लहान पोलादी वाटीत पडतात, विजेवर तापणारी कांब त्यांना पेटवते आणि पंखा हवा पुरवतो. तापमान कमी झाले की मळसूत्र अधिक फिरते, वाढले की थांबते. ११० अंशांच्या मंद आचेवर तासाला साधारण अर्धा ते एक किलो जळण लागते. आपल्याकडे हे यंत्र अजून नवे आहे आणि ते घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या झाडाचे पेलेट घेऊ?’ असाच असतो. माझ्या मते या प्रश्नाचा क्रम दुसरा आहे. लाकूड किती कोरडे, किती स्वच्छ आणि किती तापमानाला जळते, हे आधी ठरते. झाडाचे नाव त्यानंतर येते.

याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. झाड कोणतेही असो, त्याच्या सुक्या लाकडात सेल्युलोज चाळीस-पंचेचाळीस टक्के आणि हेमिसेल्युलोज व लिग्निन प्रत्येकी साधारण वीस ते तीस टक्के असते. लाकूड तापू लागले की दोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान हेमिसेल्युलोज प्रथम तुटते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, बाहेर पडते. त्यानंतर चारशे अंशांपर्यंत सेल्युलोजचे विघटन होते. या दोन्हींपासून निघणारी कार्बोनिल संयुगे मांसातील किंवा पनीरमधील प्रथिनांशी संयोग पावून पृष्ठभागाला तांबूस-तपकिरी रंग देतात. धुराचा ज्याला आपण खमंग वास म्हणतो तो मात्र मुख्यतः लिग्निनची देणगी आहे, कारण लिग्निन तुटताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही दोन फिनॉल वर्गातील संयुगे तयार होतात. रुंद पानांच्या झाडांच्या लिग्निनमधून ही दोन्ही मिळतात, तर पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांतून सिरिंगॉल जवळजवळ मिळतच नाही. शिवाय पाइनमधील राळ काजळी आणि कडवटपणा वाढवते. आंबा आणि पाइन यांच्या धुरातला फरक म्हणूनच मोठा असतो. आंबा आणि पेरू यांच्यातला फरक त्या मानाने सूक्ष्म असतो आणि मसाला तिखट असेल तर तो बहुतेकांच्या जिभेला कळतही नाही.

तापमानाचा परिणाम याहून ठळक असतो. धूर हे अपूर्ण ज्वलनाचे फलित आहे. चारशे अंशांच्या अलीकडे, हवा बेताची असताना लाकूड धुमसते तेव्हा सुगंधी फिनॉल भरपूर मिळतात. ज्वाला जोरात पेटली की तीच संयुगे जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. पेलेट ग्रिलमधली हवा ११० अंशांवर ठेवली तर आगीची वाटी मधूनमधून मंदावते आणि धूर येतो. २२० अंशांवर नेली की ज्वलन इतके स्वच्छ होते की हिकरी या उग्र धुराच्या अमेरिकी झाडाचे पेलेट घातले काय किंवा ओकचे घातले काय, पदार्थाला फारसा फरक पडत नाही. दाट पांढऱ्या धुराला भुलू नये. त्यात पाण्याचे थेंब आणि न जळलेले डांबर अधिक असते. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर चवीला चांगला. ज्वलनाचे तापमान फार चढले किंवा मांसातील चरबी थेट निखाऱ्यावर गळली, तर बेंझो-ए-पायरीनसारखी कर्करोगाशी संबंधित संयुगे वाढतात. युरोपीय संघाने धूर दिलेल्या मांसातील या संयुगाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २ मायक्रोग्रॅमवर आणली, ती याच कारणाने.

आता मिश्रणाकडे येऊ. ऑनलाइन मिळणाऱ्या पिशव्यांवर हिकरी, मेस्किट, सफरचंद, चेरी अशी नावे ठळक असतात, पण मागची बारीक अक्षरे वाचली तर अनेकदा आत ओक किंवा ऑल्डर हे मुख्य लाकूड आणि नावाचे लाकूड थोडेसे, असा हिशोब सापडतो. याला फसवणूक म्हणणे घाईचे होईल. ओक एकसारखे, सावकाश जळते आणि राख कमी ठेवते. मिश्रणाचा पाया म्हणून त्याची निवड तर्कशुद्ध आहे. तक्रार करावी ती प्रमाण न छापणाऱ्यांबद्दल आणि लाकडाऐवजी सुगंधी तेल फवारून भागवणाऱ्यांबद्दल, कारण असे तेल आगीच्या वाटीजवळ पोहोचताच आधी तेच उडून जाते. घरी मिश्रण करताना तीन भाग पायाचे आणि एक भाग उग्र वासाचे, इतके प्रमाण सुरुवातीला पुरे. वजनकाटा लागत नाही. बाभळीचे लाकूड घनमीटरला साधारण ८०० किलो आणि आंब्याचे ६०० किलोच्या वर भरत असले, तरी दाबल्यानंतर दोन्हींचे पेलेट जवळपास सारख्याच घनतेचे होतात. त्यामुळे एकाच मापाने मोजले तरी चालते. लक्ष द्यायचे ते कांडीच्या लांबीकडे. आखूड कांड्या मळसूत्रात दाट बसतात आणि आच वाढवतात, लांब कांड्या हॉपरमध्ये एकमेकींवर अडकून पूल बांधतात आणि आग उपाशी राहते.

बेळगावच्या सीमाभागात लाकडांची चणचण नाही. पश्चिमेला जांबोटी, लोंढा, खानापूरकडे आंबा, फणस, जांभूळ, गावठाणांतून चिंच आणि पेरू, माळावर बाभूळ, आणि पूर्वेला अथणी, सौंदत्ती, रामदुर्गच्या कोरड्या पट्ट्यात वेडी बाभूळ. ही वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून भारतात आली आणि टेक्ससमध्ये ज्याच्या धुरावर गोमांस भाजतात त्या मेस्किटची ती सख्खी भावकी आहे. तिचे लाकूड जड, आच तीव्र आणि धूर उग्र असतो. मिश्रणात ती पाव भागाहून अधिक नको. साधी बाभूळ आणि चिंच पायाचे काम उत्तम करतील. पेरूचे लाकूड हवाईमध्ये मांसाला धूर देण्यासाठी नावाजलेले आहे, मग आपल्या परसातल्या छाटणीने काय घोडे मारले आहे? आंब्याचा धूर सौम्य असतो, मात्र आंब्याच्या चिकाने ज्यांच्या अंगावर फोड उठतात त्यांनी त्याच्या धुरापासूनही दूर राहावे. जंगलातले लाकूड वनखात्याच्या परवानगीशिवाय आणता येत नाही, म्हणून बागेतली आणि बांधावरची छाटणी हाच सरळ मार्ग.

अडचण अशी की पेलेटचा साचा घरात नसतो, आणि लाकडाचे तुकडे हॉपरमध्ये टाकले तर मळसूत्र अडकते. यावर उपाय स्वस्त आहे. स्टीलची, भोके पाडलेली एक वीतभर किंवा थोडी लांब नळी पेलेटने भरून एका टोकाला पेटवली आणि ज्वाला विझवून नुसती धुमसत ठेवली, तर ती तासन्‌तास धूर देत राहते. या नळीत पेरू-आंब्याचे नीट वाळलेले बारीक तुकडे पेलेटसोबत मिसळता येतात. म्हणजे आच हॉपरमधल्या साध्या पेलेटची आणि धूर नळीतल्या निवडक लाकडाचा, अशी कामाची वाटणी होते आणि जास्त तापमानाला धूर न मिळण्याची वर सांगितलेली अडचणही टळते. मला तर हॉपरमधल्या महागड्या मिश्रणापेक्षा हीच व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते. ती झाकणाच्या साध्या गॅस ग्रिलवरही चालते, फक्त जागा मोकळ्या हवेची हवी.

काय वापरू नये, याची यादी या भागात अधिक काळजीने करावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत यंत्रे येतात ती बहुधा पाइनच्या खोक्यांतून. त्यांवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असले तरी राळ उरतेच. सुतारकामाच्या भुशात प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मिसळलेला असतो व त्यातील फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद अन्नात येणे कुणालाच परवडणारे नाही. सागवानाचा भुसा वखारीत मुबलक मिळतो, पण त्यातील क्विनोन संयुगे त्वचेला त्रास देतात. सागवान दारे-खिडक्यांनाच शोभते. काजूच्या टरफलातील तेल कातडी भाजणारे असते, आणि बिब्ब्याची गत त्याहून वाईट. कण्हेर तर विषारीच. निपाणीच्या शिवारात तंबाखूची धाटे जळण म्हणून सहज हाती लागतात, परंतु त्यांच्या धुरातून निकोटीन पदार्थावर बसू शकते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड छान भडकते, म्हणून त्याचे पेलेटही चालतील असे वाटेल. पण त्याची राख लाकडाच्या कितीतरी पट पडते आणि आगीच्या वाटीत साचून हवा कोंडते.

याच कारणाने बॉयलरसाठी विकले जाणारे पेलेट अन्नासाठी घेऊ नयेत. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशासोबत शेतीच्या अवशेषांचे पेलेट जाळण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये नव्याने आखले आणि त्यांचे उत्पादन देशात वाढले. भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे कुटार, भाताचे तूस असे त्यातले कच्चे माल असतात. तुसाची राख वीस टक्क्यांच्या घरात जाते. युरोपातील ‘एनप्लस ए-१’ हा दर्जा राखेची मर्यादा ०.७ टक्के, ओलाव्याची १० टक्के आणि लांबीची ४० मिलिमीटर ठरवतो. मात्र तो घर तापवणाऱ्या शेगड्यांसाठी आहे आणि त्यात पाइन चालते, हे विसरून भागणार नाही. खाद्य-पेलेट निवडताना हे आकडे हवेत आणि वर लाकडाचे नाव व ‘सालीविना’ हा उल्लेख हवा, कारण राख आणि माती दोन्ही सालीतूनच जास्त येतात.

पिशवी उघडल्यावर दोन-तीन गोष्टी लगेच तपासता येतात. कांडी बोटांत मोडताना ‘कट’ असा आवाज यावा, तळाशी भुकटी कमी असावी, आणि पाण्यात टाकलेला पेलेट बुडून काही मिनिटांत फुगून भुसा व्हावा. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर सुगंधी तेलाचा संशय घ्यावा. पाण्याशी असलेले हे वैर आपल्या हवामानात मोठे ठरते. हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांवर असेल तर लाकूड हळूहळू वीस टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटीच्या बाजूला आठवडेच्या आठवडे तशीच हवा असते. उघड्या पिशवीतले पेलेट तेथे आपोआप सुटू लागतात. ते मळसूत्रात गेले तर ओला भुसा सिमेंटसारखा घट्ट बसतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरावा आणि स्वयंपाक झाल्यावर पावसाळ्यात हॉपर रिकामा करावा. वीज जाण्याचा प्रश्नही तेव्हाचाच. पेटवणारी कांब सुरुवातीची काही मिनिटे दोन-तीनशे वॉट घेते, नंतर पंखा आणि मळसूत्र थोडक्या विजेवर चालतात, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टर हा भार सहज पेलतो. पंखा मध्येच बंद पडला तर मात्र आग मळसूत्रातून हॉपरकडे सरकण्याची शक्यता असते.

पदार्थ कोणता, त्यावर शेवटचा निर्णय अवलंबून असतो. धुराचे कण गरम हवेतून थंड पृष्ठभागाकडे सरकतात आणि ओलसर पृष्ठभागात विरघळतात. म्हणून मटणाची रान थंड व ओलसर असताना, पहिल्या एक-दोन तासांतच धूर द्यावा, वरचा थर सुकल्यावर दिलेला धूर बराचसा वाया जातो. कारवारकडून येणाऱ्या बांगड्याच्या चरबीत धूर पटकन मुरतो, त्याला पेरूचा किंवा आंब्याचा हलका धूर पुरे. वांग्याच्या भरिताला थोडी वेडी बाभूळ शोभते. बेळगाव तालुक्यातली रताळी जास्त आचेवर भाजायची असल्याने तिथे मिश्रणाचा विचार व्यर्थ आहे, जे पेलेट स्वस्त ते घालावेत. संकेश्वरी मिरची याच्या अगदी उलट: ती ओलसर असताना सत्तर-ऐंशी अंशांवर कित्येक तास ठेवावी लागते, इतकी कमी आच ग्रिलला धरता येत नसेल तर नुसत्या नळीच्या धुरात ठेवून नंतर उन्हात वाळवावी. मेक्सिकोत पिकलेल्या हालापेन्यो मिरचीचे चिपोत्ले याच तत्त्वावर करतात. एका मिश्रणावरून दुसऱ्यावर जाताना मळसूत्रात आधीचे पेलेट शिल्लक असतात आणि ते संपेपर्यंत जुनाच धूर येत राहतो, तेव्हा नव्या मिश्रणाची पारख पहिल्या अर्ध्या तासानंतर ठेवलेल्या पदार्थावर करावी.