शाफ्ट ड्राइव्ह मोटारसायकलीच्या मागील स्प्लाइनची देखभाल

शाफ्ट ड्राइव्ह मोटारसायकलीत इंजिनाची ताकद साखळीऐवजी फिरत्या दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागे जाते. दांड्याच्या टोकाचे पिनियन (लहान दातेरी चाक) क्राउन व्हीलला (मोठ्या दातेरी चाकाला) फिरवते आणि तिथून ती ताकद चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, मिळते, ती एका दातेरी जोडातून. एका भागावर बाहेरून कोरलेले सरळ दाते आणि दुसऱ्यात आतून कापलेल्या तितक्याच खाचा, अशा या जोडाला स्प्लाइन म्हणतात. जोड बोल्टने आवळलेला नसतो. दाते खाचांत नुसते सरकवून बसवलेले असतात. म्हणूनच टायर बदलताना एक्सल (चाकाचा आस) ओढून काढला की चाक सहज बाजूला घेता येते. शाफ्ट आणि पिनियन यांच्यामध्येही बहुधा अशीच दुसरी स्प्लाइन असते.

बीएमडब्ल्यूची आर ३२ ही गाडी १९२३ साली शाफ्टसह आली आणि १९७५ च्या होंडा गोल्ड विंगनंतर लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांत ही रचना रुळली. ‘शाफ्टला काही करावे लागत नाही’ हा समजही तिच्याबरोबरच पसरला, आणि स्प्लाइनचे सर्वांत जास्त नुकसान याच समजाने केले आहे. साखळी सैल झाली की लोंबते, कोरडी पडली की कुरकुरते. स्प्लाइन मात्र झाकलेल्या जागेत गुपचूप झिजते. फायनल ड्राइव्हमधले, म्हणजे पिनियन आणि क्राउन व्हीलच्या बंद पेटीतले, तेल वेळेवर बदलणाऱ्यालाही वाटते की आपण सगळे केले, पण ते तेल त्याला अडवणाऱ्या सीलच्या आत राहते आणि चाकाची स्प्लाइन सीलच्या बाहेर असते. तिला हाताने लावलेले ग्रीस तेवढेच मिळते.

झीज कशी होते हे समजले की निगा का राखायची ते वेगळे सांगावे लागत नाही. जोड सरकता असल्याने दाते आणि खाचा यांत थोडी फट ठेवावीच लागते. थ्रॉटल उघडला की दात एका अंगाने रेटला जातो, मिटला की दुसऱ्या अंगाने. त्यात चाक आणि फायनल ड्राइव्ह यांचे मध्य नेमके जुळत नसतील, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दात खाचेत पुढेमागे सूक्ष्म घसटत राहतो. या घासण्यातून पोलादाचे बारीक कण सुटतात, हवेशी संयोग होऊन त्यांची तांबूस-तपकिरी भुकटी बनते, आणि ही भुकटी स्वतःच दात्यांना पॉलिश पेपरसारखी खाऊ लागते. चाक काढल्यावर दात्यांच्या बुडाशी विटकरी पूड दिसली, तर ग्रीस कधीच संपले आहे असे खुशाल समजावे. दात्यांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो झिजेपर्यंत काम संथ चालते. तो संपला की आतले मऊ पोलाद बघता बघता जाते.

तपासणीची योग्य वेळ म्हणजे दर टायर बदलताना. गाडी पाण्यापावसात फार चालत असेल तर त्याआधीही. एरवी, गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने पुढेमागे हलवून पाहता येते. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि धक्के शोषणारे रबरी डॅम्पर यांचीही थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे एकदाच्या अंदाजापेक्षा ती ढिलाई मागच्या खेपेपेक्षा वाढली का, हे पाहणे महत्त्वाचे. खरा निकाल चाक काढल्यावरच लागतो. चांगल्या दाताचा माथा सपाट असतो आणि दोन्ही अंगे सारखी दिसतात. झिजलेला दात वर निमुळता होतो, किंवा ताकद घेणाऱ्या अंगाला पोकळ होऊन एका बाजूला कललेला दिसतो. दाताच्या लांबीवरून नख फिरवले आणि मध्येच पायरी लागली, तर जिथे दात खाचेत होता तो भाग झिजला आहे.

साफसफाईत घाई करू नये. जुने ग्रीस आणि पूड यांचा घट्ट थर रॉकेल आणि ब्रशने खाचेच्या बुडापर्यंत काढावा, मग कोरड्या फडक्याने पुसावे. सॉल्व्हंट सीलवर, रबरी डॅम्परवर किंवा ब्रेकवर जाऊ देऊ नये. घाणीवरच नवे ग्रीस थापणे म्हणजे पॉलिशची पेस्ट बनवणे. साधे चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस इथे टिकत नाही. फिरताना ते बाहेर फेकले जाते आणि दात्यांमधल्या दाबाखाली पिळून निघते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे प्रमाण भरपूर असलेली पेस्ट वापरावी. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक हवे असे सांगितले आहे. या पदार्थाचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ग्रीसमधले तेल निघून गेले तरी पोलादावर काळसर लेप उरतो आणि तोच दात वाचवतो. दोन्ही भागांवर पातळ लेप पुरे. ज्या गाड्यांत जोडाला ओ-रिंग (रबरी कडी) असते तिथे ती दर वेळी नवी घालावी. आतले ग्रीस धरून ठेवणे आणि पाणी बाहेर ठेवणे हे तिचेच काम.

चाक बसवताना एक चूक सर्रास होते. फायनल ड्राइव्ह स्विंगआर्मवरून (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या भुजेवरून) उतरवला असेल तर त्याचे नट आधीच पूर्ण आवळून टाकतात. अशा गाड्यांत आधी नट हलके बसवावे, चाक आणि एक्सल घालावे, एक्सल ठरलेल्या टॉर्कवर आवळावा आणि मगच ते नट. अशाने फायनल ड्राइव्ह चाकाच्या मध्याशी स्वतः जुळतो. मध्य चुकला तर उत्तम पेस्टही स्प्लाइनला फार दिवस वाचवू शकत नाही.

१९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एसपासून आलेल्या एकबाजूच्या स्विंगआर्ममध्ये चाक बोल्टने थेट फायनल ड्राइव्हवर बसते, त्यामुळे चाकाची स्प्लाइन नाही. शाफ्टची मात्र तिथेही असते, आणि ती पाहण्यासाठी फायनल ड्राइव्ह उतरवावा लागतो. म्हणून ती आणखी दुर्लक्षित राहते.

दाते टोकदार झाले की ग्रीसने काही होत नाही. काही हबमध्ये खाचांचा भाग वेगळा बदलता येतो. काहींत जुना कापून नवा वेल्ड करून घेतात, तेही मध्य अचूक राखणाऱ्या कारागिराकडूनच. बदलताना दोन्ही भाग बदलावेत. झिजलेल्या खाचेत नवा दात घातला तर तो काही मोजक्या जागीच टेकतो आणि सगळा भार तिथेच येतो. दुर्लक्ष पुढे चालूच राहिले तर एके दिवशी क्लच सोडल्यावर इंजिन फिरते, शाफ्ट फिरतो, मागून किरकिर ऐकू येते आणि गाडी जागची हलत नाही.