रोलरच्या फटीत हात का ओढला जातो?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात धोक्याचा विषय निघाला की बोलणे रसायनांच्या कारखान्यांकडे वळते. बिस्किटे, फरसाण वा मसाले बनवणाऱ्या कारखान्यांत मात्र हाताला सर्वाधिक धोका असतो तो फिरत्या भागांचा.

दोन रोलर एकमेकांकडे आत फिरत असले, की त्यांच्या फटीशी आलेली वस्तू घर्षणाने आत ओढली जाते. उसाचा चरक याच तत्त्वावर चालतो. कणीक लाटणारा 20 सेंटिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला 60 फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 63 सेंटिमीटर सरकतो. स्पर्श जाणवून हात मागे घ्यायला सुरुवात होईपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात आणि तेवढ्यात 12 ते 13 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तळव्यापर्यंत हात आत गेलेला असतो. ‘लक्षपूर्वक काम करा’ ही भिंतीवरची पाटी त्यामुळे मला निरुपयोगी वाटते. पाती धुताना उपयोगी पडणारे हातमोजेही इथे घात करतात, कारण मोज्याचे टोक सापडले की मागोमाग हात जातो.

मशीन जॅम झाले किंवा पाळी संपताना धुवायला घेतले, की गार्ड, म्हणजे फिरत्या भागांवरचे संरक्षक झाकण, काढलेला असतो, हात ओले असतात आणि घाईही असते. यंत्र चालू असताना गार्ड जागेवरच हवा, असे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 ने घातले. पण गार्ड उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉकच कोणी चिकटपट्टी लावून निकामी केला, तर ते कागदावरच राहते. शिवाय बटण बंद केल्यावरही जड रोलर जडत्वामुळे काही काळ फिरतात, हवेच्या दाबावर चालणाऱ्या कटरच्या नळीत दाब शिल्लक असतो, आणि पलीकडचा सहकारी काम झाले असे समजून मशीन पुन्हा सुरू करू शकतो. म्हणून मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात असावी, सुपरवायझरकडे नव्हे, आणि सुरू करण्याचे बटण एकदा दाबून खात्री करून घ्यावी.

तुटलेले बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊतक गोठून खराब होते. ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटात स्नायू नसल्याने असे थंड ठेवलेले बोट 24 तासांपर्यंतही जोडता येऊ शकते. मात्र ही संधी पात्याने सरळ कापलेल्या बोटाला अधिक असते, रोलरमध्ये चिरडलेल्या बोटाला बरीच कमी, कारण तिथे रक्तवाहिन्या दूरपर्यंत फाटलेल्या असतात.